दुमडीत राखलेले कापड

हातमागावरून उतरलेले एखादे लुगडे हाती घेऊन त्याच्या कडा निरखून पाहाव्यात. बेळगावच्या शहापूर-वडगावचे असो, अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरचे असो, की जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील चंदेरीचे असो, त्याच्या लांबीच्या दोन्ही बाजूंना काठ असतो. तेथे आडवा धागा उभ्या धाग्यांतून कडेपर्यंत जातो आणि तेथूनच परत वळतो. म्हणून काठ हा विणतानाच बंद झालेला असतो. तो वर्षानुवर्षे धुतला, पिळला, दगडावर आपटला तरी सुटत नाही. पण जेथे विणकराने किंवा दुकानदाराने कात्री चालविली, तेथे मात्र प्रत्येक धागा तुटून मोकळा झालेला असतो. दोन-चार धुण्यांत तेथे झालर लोंबू लागते आणि झालरीमागून कापड विसविशीत होऊन झिजू लागते.

कात्रीने उघडी केलेली ही कड पुन्हा बंद करणे, एवढेच दुमडीचे मूळ काम. कोणी तिला दुमड म्हणतात, कोणी पट्टी, शिंपी लोक हेम म्हणतात. आपल्या घरांतून ‘कड मुडपली का?’ असा साधा प्रश्न ऐकू येतो. कडेचे कापड एकदा अगदी थोडे आत वळवावयाचे, मग दुसऱ्यांदा हव्या त्या रुंदीने वळवावयाचे आणि आतल्या घडीच्या काठाकाठाने टीप मारावयाची. पहिल्या घडीत तुटके धागे झाकले जातात, दुसऱ्या घडीत पहिली घडी लपते. यात न समजण्यासारखे काही नाही. तरीसुद्धा शिवणवर्गातील मुलींना विचारावे, किंवा गावात लोकांचे कपडे शिवून चार पैसे मिळविणाऱ्या एखाद्या बाईला विचारावे. गळा साधतो, बाही बसते, चुण्या नीट पडतात. आणि शेवटी खालची कड अशी काही पिळते, लाटा मारते, की घातलेला झगा समोरून पाहताच नजर तेथेच जाते. गिऱ्हाईक काही बोलत नाही. पुढच्या सणाला ते तालुक्याच्या गावी जाऊन तयार कपडे घेऊन येते, एवढेच.

ज्या घराची चूल त्या मशीनीवर पेटते, त्या घराला हा तोटा लहान नाही. म्हणून आजचा हा लेख मुख्यतः त्या भगिनींसाठी आहे. आणि ज्यांच्या घरी सासूच्या किंवा आईच्या वेळचे काळे मशीन चादरीखाली झाकून ठेवलेले आहे त्यांच्यासाठीही.

प्रथम त्या यंत्राविषयी थोडेसे, कारण ते काय करते हे कळले म्हणजे त्याच्याकडून काय मागावे हेही कळते. धान्याच्या वा सिमेंटच्या पोत्याचे तोंड शिवलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दोऱ्याचे नेमके टोक सापडले की एका ओढीसरशी सगळी शिवण सरसर सुटत जाते. तो साखळीचा टाका. त्यात एकच दोरा स्वतःच्याच फाशात अडकत पुढे जातो. शिवणयंत्राची सुरुवात याच टाक्यापासून झाली. बार्थेलेमी थिमोनिए नावाच्या एका फ्रेंच शिंप्याने १८३० साली साखळीच्या टाक्याच्या यंत्राचा हक्क नोंदविला आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवण्यासाठी सुमारे ८० यंत्रे बसविली. १८३१ च्या जानेवारीत शहरातील शिंप्यांचा जमाव तेथे घुसला व त्याने ती यंत्रे मोडून टाकली. आपली रोजी जाणार, या भीतीने ते पेटले होते. त्यांना निव्वळ दुष्ट ठरविणे मला तरी जमत नाही. भरल्या पोटाचा माणूस लाकडी यंत्रावर हातोडा घालीत नाही. बिचारा थिमोनिए पुढे १८५७ साली दारिद्र्यातच मरण पावला.

आपल्या घरच्या मशीनीचा टाका निराळा आहे. त्यात दोन दोरे असतात : एक वरच्या रिळावरचा, सुईतून खाली येणारा, दुसरा खालच्या बॉबिनचा. सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येऊ लागली की तिच्या दोऱ्याचा फास सुटतो, त्या फासातून खालचा दोरा ओवला जातो, आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीच्या मध्यावर एकमेकांना अडकून बसतात. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३० नंतरच्या काही वर्षांत असे यंत्र तयार केले होते, पण त्याचा हक्क त्याने वेळीच नोंदविला नाही. एलियास हाऊ याने तो १८४६ साली नोंदविला. मात्र हाऊच्या यंत्रात कापड एका पट्टीवरील खिळ्यांना उभे टोचून लावावे लागे; पट्टी संपली की थांबा, कापड काढा, पुन्हा टोचा. घेरदार झग्याची कड त्यावर शिवणे म्हणजे किती वेळा थांबणे झाले असते, याची कल्पना करावी! आयझॅक सिंगरच्या १८५१ सालच्या यंत्रात कापड आडवे ठेवता येऊ लागले आणि त्याला वरून दाबून धरणारा पाय आला. ॲलन विल्सनने १८५४ साली हक्क घेतलेल्या रचनेत सुईखालचे दाते वर येतात, कापड पुढे ढकलतात, खाली जातात आणि मोकळेच मागे येतात. आजही आपल्या मशीनीत कापड याच रीतीने सरकते. लांबलचक कड न थांबता आणि गोलाईतही शिवता येते, ती या दात्यांमुळे.

यंत्रांविषयी एकंदरीत फारसा लोभ नसलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली एका तरुणाशी बोलताना शिवणयंत्राला मुद्दाम अपवाद केला होता. सिंगरने पत्नीचे हातशिवणीचे कष्ट पाहून हे यंत्र केले, अशी त्यांची समजूत होती. खरी हकीकत तितकी कोमल नाही. १८५० साली बॉस्टनच्या एका कारखान्यात दुसऱ्याच कोणाच्या नमुन्याची यंत्रे दुरुस्तीस येत, ती पाहून सिंगरला आपली रचना सुचली, आणि त्यामागे मुख्य प्रेरणा धनाची होती. त्याचे गृहजीवन तर विवाहाच्या प्रवचनात उदाहरण म्हणून घेण्याजोगे मुळीच नव्हते. तथापि त्याच्या कंपनीने १८५६ पासून हप्त्याने मशीन देण्याची पद्धत सुरू केली, आणि त्यामुळे हे यंत्र कारखान्यातून सामान्य माणसाच्या घरात आले, हे मान्य केलेच पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. यंत्र दोन दोरे अडकविते आणि कापड पुढे ढकलते. याहून अधिक ते काही करीत नाही. कड सरळ आहे की वाकडी, दुमड सारखी आहे की कमीजास्त, हे त्याला दिसत नाही. जी घडी आपण त्याच्यापुढे ठेवू तीच ते पक्की करून देते, आणि वाकडी ठेवली तर वाकडीच पक्की करून देते. दुमड खरोखर घातली जाते ती मशीनीपुढे बसण्याच्या आधी, इस्त्री व टाचण्या हाती असताना. टीप मारणे हे त्या कामाचा शेवटचा, बहुधा पाच मिनिटांचा भाग होय. आपल्याकडे होते याच्या उलट. कापड तसेच उचलून सुईखाली घालावयाचे आणि डाव्या हाताने दुमडत उजव्या हाताने चाक फिरवीत जावयाचे! तीस वर्षे शिवीत आलेल्या हाताला हे साधते. नवशिक्या मुलीने त्याचे अनुकरण केले, की तीन इंच जाता जाता अर्ध्या इंचाची दुमड पाऊण इंचाची होते.

कोरे सुती कापड असेल तर ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. कोरे सूत पहिल्या धुण्यात आकसते. मीटरभर कापडात तीन-चार सेंटिमीटर कमी होणे हे काही नवल नाही. कापड आकसले आणि दोरा आकसला नाही, किंवा अस्तर आकसले आणि वरचे कापड आकसले नाही, म्हणजे कडेला सुरकुत्या पडतात. आणि एकदा शिवल्यावर त्यांना उसवण्याखेरीज उपाय नाही. साडीच्या फॉलचे हेच दुखणे. रेशमी किंवा कृत्रिम धाग्याची साडी धुतल्यावर होती तेवढीच राहते, न भिजविलेला सुती फॉल मात्र आखडतो, आणि नेसल्यावर पायाशी निऱ्यांचा काठ आत ओढलेला दिसतो. फॉल बादलीभर पाण्यात रात्रभर टाकून ठेवावयास खर्च येत नाही.

त्यानंतर जाड कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्यावा व त्यावर हव्या त्या रुंदीची रेघ आखावी. एक कड घडीसाठी पाव इंचाची, दुसरी दुमडीसाठी, समजा, दोन इंचांची. कापडाची कड या पुठ्ठ्यावर वळवून रेघेपर्यंत आणावी, वरून इस्त्री फिरवावी, पुठ्ठा पुढे सरकवावा. पाव इंचाची घडी सगळीकडे झाली की दुसरी घडी त्याच रीतीने. कोळशाची इस्त्री असली तरी चालेल, फक्त तळ स्वच्छ असू द्या. घडीची रेषा एकदा उमटली की ती सहसा हलत नाही, आणि मशीनीपाशी बसल्यावर हाताला काही ठरवावयाचे उरत नाही. नंतर चार-चार बोटांवर टाचण्या लावाव्यात, कडेला आडव्या, म्हणजे शिवता शिवता डोके धरून काढून घेता येतात. टाचणीवरून सुई जाऊ देऊ नये. सुईचे टोक मोडले नाही तरी बोथट होते, आणि बोथट सुई कापडाचे धागे बाजूला सारण्याऐवजी तोडीत जाते. निसरड्या कापडाला टाचण्या पुऱ्या पडत नाहीत, तेथे धावदोऱ्याने कच्ची शिलाई घालून घ्यावी. हे काम दुप्पट झाले असे वाटते खरे. पण बारीक टीप उसविण्यात जाणारा वेळ ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे पटवून द्यावयास नको.

सुईविषयी. सुईच्या पुड्यावर जे दोन अंक असतात त्यांतील मोठा अंक सुईची जाडी मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १४ नंबरची सुई ती ९० ची, म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीची. साध्या सुती कापडाला ती ठीक. मलमल, व्हॉइल, चंदेरीसारख्या तलम कापडाला ११ किंवा ९ नंबरची. जीन वा कॅनव्हासला १६ अथवा १८. पुष्कळ घरांतून एकच सुई मोडेपर्यंत सर्व कापडांना चालते. तलम कापडाच्या कडेला टिपेबरोबर बारीक भोके दिसतात ती बहुधा याच काटकसरीची. टाका मध्यम कापडास इंचाला दहा ते बारा असावा.

आणि आता ती गोष्ट, जी शिवणवर्गातून फारशी कोणी सांगत नाही. दुमड शिवताना कापडाची उलटी बाजू वर असते, कारण आतल्या घडीचा काठ आपल्याला दिसावयास हवा. म्हणजे वरून जी टीप आपण पाहतो ती पुढे झग्याच्या आत जाणार; आणि जगाला जी टीप दिसणार, ती खालची, बॉबिनच्या दोऱ्याची. मशीनीवर बसलेली बाई वरच्या टिपेकडे पाहून समाधान मानते, आणि सुलट करून पाहावे तो खाली दोऱ्याची जाळी झालेली! म्हणून दुमड घालण्यापूर्वी बॉबिनमध्ये कापडाच्या रंगाचा दोरा आहे ना, हे पाहावे. वर पांढरा व खाली कालचा उरलेला निळा, असे चालणार नाही. त्याच कापडाची एक चिंधी तितक्याच घड्या घालून आधी शिवून पाहावी व ती उलटून तपासावी. खालच्या बाजूस दोऱ्याचे फास लोंबत असतील तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो : तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, अथवा ताण सैल असतो. उलट खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा ओढून आलेला दिसला तर वरचा ताण जास्त आहे. प्रथम दोरा काढून पुन्हा ओवावा, मगच ताणाच्या स्क्रूला हात लावावा. खालच्या डबीचा बारीक स्क्रू फिरविण्याची घाई तर मुळीच नको. तो एकदा बिघडला की मशीनवाल्याकडे फेरी ठरलेली.

शिवताना झग्याचा सारा पसारा डाव्या हाताला ठेवावा आणि दुमड तेवढी पायाखाली घ्यावी. सुरुवात अगदी कोपऱ्यावरून करू नये. तेथे कापड इतके थोडे असते की सुई ते खालच्या भोकात ओढून घेते व गुंता होतो. अर्धा इंच सोडून सुरुवात करावी, दोन्ही दोऱ्यांची टोके मागे बोटाखाली धरून ठेवावीत. घेराची कड असेल तर बाजूच्या शिवणीजवळून आरंभ करावा, कारण जोड तेथे कमी दिसतो. आणि फिरून आल्यावर पहिल्या टिपेवरच इंचभर पुढे जावे. नजर सुईवर ठेवू नये. सुई आपल्या जागीच वरखाली होत असते, ती कोठे जात नाही! पाहावयाचे ते घडीचा काठ पायाच्या कडेशी समांतर चालला आहे की नाही, एवढेच.

कड पिळते का, याचे उत्तर दात्यांत आहे. खालचे दाते खालच्या थराला पुढे नेतात. वरचा थर मात्र पायाखाली दाबलेला असल्यामुळे किंचित मागे रेंगाळतो. एका टाक्यात हा फरक दिसतही नाही. तीन मीटरच्या घेरात तो बोटभर होतो आणि दुमडीवर तिरप्या सुरकुत्या उमटतात. हे दिसू लागताच आपण कापड मागून ओढू लागतो, त्याने सुई वाकते व टाके लांबतोकडे होतात. ओढू नये. हात केवळ दिशा दाखविण्यासाठी ठेवावेत. टाचण्या जवळ जवळ लावाव्यात आणि पायाचा दाब कमी करण्याचा स्क्रू असेल तर तलम कापडासाठी तो थोडा सैल करावा. बाजूची शिवण आडवी आली म्हणजे थरांची एक टेकडी होते, पाय तिच्यावर चढताना मागे कलतो व टाके जागच्या जागी पडतात. अशा वेळी चाक हाताने फिरवावे आणि पायाच्या मागच्या बाजूस तितक्याच जाडीची कापडाची घडी सरकवून पाय सपाट करावा. शिवणीतले आतले थर आधीच कात्रून विरळ केले असतील तर टेकडीच निम्मी होते.

छत्रीच्या घेराचा झगा हा स्वतंत्र विषय आहे, आणि हल्ली सणासुदीला मुलींचे सारे लक्ष त्यावरच असते. पूर्ण गोल घेराला दोन इंचांची दुमड घालावयाची झाली तर कात्रीची कड घडीच्या रेषेच्या दोन इंच खाली असते व वळविल्यावर ती रेषेच्या दोन इंच वर जाते. म्हणजे चार इंच लहान त्रिज्येच्या वर्तुळावर तिला बसावयाचे असते. हिशेब केला तर सुमारे २५ इंच कापड जास्तीचे उरते. झगा लहान मुलीचा असो की मोठ्या बाईचा, हा आकडा बदलत नाही. तो केवळ दुमडीच्या रुंदीवर ठरतो. पंचवीस इंचांच्या सुरकुत्या इस्त्रीने जाणार कशा? पाव इंचाची दुमड घेतली तर जास्तीचे कापड साधारण तीन इंच, आणि ते सर्व घेरात वाटले गेले की कळतसुद्धा नाही. म्हणून गोल घेराला दुमड अरुंदच हवी. रुंद हवीच असेल तर त्याच कापडाची तिरपी पट्टी, जिला शिंपी उरेब म्हणतात, ती खालून लावून आत वळवावी. तिरपे कापड ताणले व दाबले जाते, म्हणून ते गोलाईत बसते. आणखी एक. गोल घेर कापल्यावर त्याचा काही भाग उभ्या धाग्यात येतो व काही तिरपा. तिरपा भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. झगा एक दिवस खुंटीला टांगून ठेवावा, मग जमिनीपासून उंची मोजून कड सारखी कापावी, नंतरच दुमड घालावी. नाहीतर वेदीपुढे उभ्या असलेल्या करवलीचा झगा दोन्ही बाजूंना लोंबताना दिसतो.

जुन्या काळ्या मशीनीबरोबर एक डबी येत असे. तिच्यात गोगलगाईसारख्या वळणाचा एक पाय सापडेल. त्यात कापडाचे टोक अडकविले की ते आपोआप गुंडाळले जाऊन बारीक दुमड पडते. रुमाल, ओढणी, झालर यांना तो फार उपयोगी. हात बसेपर्यंत त्रास देतो, चिंध्यांवर चार दिवस सराव करावा.

रुमालाचा वा वेदीवरील वस्त्राचा कोपरा मात्र त्याने होत नाही. तो हातानेच करावा लागतो. कोपऱ्यावर दोन बाजूंच्या दुमडी एकमेकींवर आल्या की नऊ थर होतात, सुई अडखळते, आणि कोपरा गाठोड्यासारखा दिसतो. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या घड्या इस्त्रीने उमटवून पुन्हा उघडाव्यात. खालच्या मुख्य घडीच्या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूतून जाईल अशा बेताने कोपरा तिरपा आत दुमडावा. या तिरप्या घडीपासून पाव इंच ठेवून टोक कापून टाकावे. मग दोन्ही बाजू पूर्ववत वळवाव्यात. चित्राच्या चौकटीला सुतार जसा तिरपा सांधा घालतो तसा सांधा येथे पडतो. वेदीवरची वस्त्रे घरच्या कपड्यांहून अधिक वेळा धुतली जातात, मेणाचे डाग काढताना त्यांना कडक इस्त्रीही सोसावी लागते. जाड, फुगलेला कोपरा तेथे प्रथम झिजतो. ही सेवा करणाऱ्या भगिनींनी जवसाच्या धाग्याचे म्हणजे लिननचे कापड आणले तर तेही आधी धुऊन घ्यावे, कारण तेही आकसते.

येथवर जे सांगितले ते कड बंद करण्याविषयी झाले. आपल्यासारख्या कुटुंबांत दुमडीला दुसरेही काम असते. बाजारातील तयार झगा उलटून पाहिला तर खाली अर्धा इंच कापडही आत सापडत नाही; यंत्राने कड गुंफून एकेरी घडीवर टीप मारलेली असते. कारखानदाराचा त्यात दोष तरी काय म्हणावा, हजार झग्यांत इंच-इंच वाचले की त्याचे ठाणभर कापड वाचते. पण मुलगी वर्षात दोन-तीन बोटे वाढते आणि पुढल्या नाताळला तो झगा गुडघ्यावर चढतो. घरी शिवलेल्या झग्याला तीन इंचांची दुमड ठेवली तर त्याच कापडात पुढची दोन वर्षे सामावलेली असतात. आपल्या आजींना हे शिकवावे लागत नव्हते. पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा थोरलीनंतर मधलीने आणि मधलीनंतर धाकटीने घातला, तो अशाच राखलेल्या कापडाच्या जोरावर. तिघी बहिणींची उंची त्या वयात काही सारखी नसते. थोरलीसाठी दुमड घालताना धाकटीचा विचार केला होता की नाही, ते तो झगा उसवताना कळते.

जी दुमड पुढे सोडावयाची आहे तिला टाका थोडा लांब घ्यावा, इंचाला सात-आठ, म्हणजे उसवताना कापडाला इजा होत नाही. टीप मशीनीची न घालता हातशिलाई घातली तर अधिक बरे. सुलट बाजूस टीप दिसत नाही आणि पुढे भोकांची रांगही राहत नाही. ब्लेडने उसवू नये. उसवणीने किंवा कात्रीच्या टोकाने दर चार टाक्यांनंतर एका बाजूचा दोरा कापीत जावे, मग दुसऱ्या बाजूचा दोरा अखंड ओढून निघतो. पोत्याची शिवण जशी एका ओढीत सुटते तशी ही सुटत नाही, हे ध्यानात ठेवून घाई करू नये.

दुमड सोडल्यावर जुन्या घडीची रेषा राहते. तिच्यात अडकलेली धूळ आधी मऊ ब्रशाने झाडून काढावी व साबणाने धुवावे. मळ असतानाच इस्त्री केली तर तो कायमचा बसतो. नंतर पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घालून फडके भिजवावे, ते रेषेवर ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी. रंगीत कापडावर हे करण्यापूर्वी आतल्या कोपऱ्यात करून पाहावे, कारण काही रंग उतरतात. पांढऱ्या सुती झग्यावरील रेषा याने बहुधा जाते. रंगीत झग्याचा वरचा भाग उन्हाने फिका झालेला असतो व आतून निघालेली पट्टी तशीच गडद असते. तेथे व्हिनेगरचा इलाज नाही. अशा वेळी रेषेवर बारीक लेस किंवा फीत लावावी, अथवा ती रेषा आत घेऊन एक चुणी घालावी. चुणीत अर्धा इंच गेला तर उंचीत इंचभर कमी होतो, तेवढा आधी मोजून ठेवावा.